थोरल्या जाऊबाईंचा मुक्काम

विंगेत उभे राहण्याची एक रीत असते. पडद्याच्या कडेपासून हातभर आत, आपली सावली रंगमंचावर पडणार नाही अशा बेताने उभे राहावे लागते. संहिता हातात उघडी असते, पण नजर नटाच्या चेहऱ्यावर ठेवायची असते. कारण तो अडखळणार आहे हे त्याच्याही आधी आपल्याला कळले पाहिजे. पुढच्या वाक्याचा पहिला शब्द मग अशा आवाजात सोडायचा, की तो नटाच्या कानापर्यंत पोहोचावा आणि पहिल्या रांगेपर्यंत पोहोचू नये. नाशिकच्या हौशी नाटकमंडळींत मी उमेदीची सारी वर्षे हे प्रॉम्प्टिंगचे काम केले. दिवसा कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवले, संध्याकाळी तालमींना गेले आणि प्रयोगाच्या वेळी विंगेत उभी राहिले. रंगमंचावर मात्र एकदाही गेले नाही.

मला कोणी अडवले होते असे नाही. भूमिका अधूनमधून देऊ केल्या जात. "मी आपली मागेच बरी" असे म्हणून मीच सुटका करून घेत असे. वर्गात मुलांसमोर बोलताना मला संकोच होत नसे. तिथे सर्वांचे लक्ष पुस्तकाकडे आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. पण लोक माझ्याकडे, केवळ माझ्याकडे पाहणार आहेत, ही कल्पना मनात आली की माझे तळवे गार पडत. त्यामुळे निवृत्तीनंतर, माझ्या मैत्रिणी गुडघ्यांचे व्यायाम शिकत होत्या त्या वयात, मी दूरचित्रवाणीवरच्या रोजच्या मालिकेत काम करू लागले, याचे सर्वांत अधिक आश्चर्य मलाच वाटत आले आहे.

गंगापूर रस्त्याने शहराबाहेर पडले की द्राक्षबागा सुरू होतात. त्यांच्या कडेचा एक रिकामा बंगला मुंबईच्या निर्मात्यांनी चित्रीकरणासाठी घेतला होता. मालिका एकत्र कुटुंबाची आणि नाशकातच घडणारी, म्हणून काही नट इथले हवे होते. आमच्या मंडळातल्या एका मैत्रिणीची तिथे ऑडिशन होती, आणि समोरच्या पात्राची वाक्ये वाचायला ती मला सोबत घेऊन गेली. मी कॅमेऱ्याच्या बाजूला उभी राहून वाक्ये देत राहिले. दिग्दर्शक माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, "काकू, तुम्ही जरा समोर येऊन तेच वाक्य म्हणता का?" नाही कसे म्हणावे ते न सुचल्यामुळे मी गेले. मैत्रिणीला, थोरल्या जावेसाठी तुम्ही फारच तरुण दिसता, असे सांगण्यात आले. ती त्यावर आजही खूश आहे. थोरल्या जावेची भूमिका मला मिळाली.

घरी आल्यावर मी यजमानांना सांगितले. ते पाटबंधारे खात्यात अभियंता होते, आणि त्यांची बहुतेक नोकरी इगतपुरीच्या बाजूला धरणांच्या कामांवर गेली. कोणतीही गोष्ट ऐकली की आधी तिचा पाया तपासायचा, ही त्यांची सवय.

"तुला जमेल?" त्यांनी विचारले.

"माहीत नाही हो."

"मग जा. जमणार नाही हे माहीत असतं, तर गोष्ट वेगळी होती."

थोरली जाऊ ही मालिकेतली सर्वांत कमी बोलणारी बाई होती. घरातले सगळे आपापले दुःख घेऊन तिच्या स्वयंपाकघरात येत, आणि ती भाजी निवडता निवडता ऐकून घेई. तिच्याकडे सर्वाधिक येणारे पात्र म्हणजे धाकटी जाऊ. ही भूमिका करणाऱ्या बाई वयाने माझ्यापेक्षा मोठ्या होत्या, पण फिरत्या नाटक कंपनीच्या बिऱ्हाडात जन्मलेल्या आणि परकरात असल्यापासून तोंडाला रंग लावलेल्या. त्यांनी ठरवले की त्या धाकट्या दिसत. सेटवर सगळे त्यांना जाऊबाईच म्हणत. मीही तसेच म्हणू लागले. त्या मला 'प्राध्यापकबाई' म्हणत, आणि त्या शब्दावर जरा जास्तच जोर देत.

रोजच्या मालिकेत दिवसाचे प्रसंग आदल्या दिवशी नाही तर त्याच सकाळी फोनवर येतात. इतर नट मेकअप करून घेताना आपापल्या ओळी पाहून घेत. मी मात्र पहाटे उठून सगळा प्रसंग वाचत असे आणि रिक्षा बंगल्यापाशी पोहोचेपर्यंत सर्वांची वाक्ये मला पाठ झालेली असत. मालिकेतल्या मुलासुना मला विचारीत, "काकू, माझं यानंतर काय?" मी सांगे. मला ते सुखाचे वाटे. आपण इथे अगदीच निरुपयोगी नाही, याचा तो पुरावा होता.

पंधरवड्याभराने दिग्दर्शकाने मला मॉनिटरपाशी बोलावले आणि आदल्या दिवशीचा एक तुकडा दाखवला. जाऊबाई बोलत होत्या. शेजारी मी मेथी निवडत होते. आणि त्यांच्या प्रत्येक शब्दाबरोबर माझे ओठ हलत होते. अगदी बारीक, पण पडद्यावर ते असे दिसत होते, की जणू आवाज जाऊबाईंचा आहे आणि मी त्याला ओठ पुरवते आहे.

"हे सगळ्याच सीनमध्ये होतंय, काकू," तो म्हणाला.

मला त्यातले काहीही जाणवले नव्हते. विंगेत इतकी वर्षे जे केले, ते शरीर आपले आपण करत राहिले होते. मी क्षमा मागितली आणि सांभाळीन म्हणून सांगितले. सांभाळलेही, दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी मोठा प्रसंग होता. धाकट्या जावेचा मुलगा भांडून घर सोडून गेला आहे आणि ती थोरलीला ते सांगायला येते. जाऊबाईंनी वाक्य सुरू केले, "दारातून वळून म्हणाला, आई...", आणि त्या थांबल्या. त्यांचे ते थांबणे पुढे मी अनेकदा पाहिले. त्या अशा थांबत, की समोरच्याचा श्वास अडकावा. मला मात्र त्या क्षणी एवढेच दिसले, की एक नटी वाक्याच्या मध्यावर उभी आहे आणि पुढचा शब्द येत नाही. मी तो दिला. "आता वाट बघू नकोस," मी म्हणाले, विंगेतल्या त्या खास आवाजात.

पहिल्या रांगेपर्यंत न पोहोचणारा आवाज साडीच्या पदरात लपवलेल्या माइकमध्ये फार छान पोहोचतो. ध्वनिमुद्रकाने कानावरचे हेडफोन काढून माझ्याकडे पाहिले. जाऊबाई वळल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "पुढचं येतं मला, प्राध्यापकबाई."

सगळा सेट हसला. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता, आणि पुढे कितीतरी दिवस चहाच्या वेळी कोणी बोलता बोलता थांबला की दुसरा त्याला म्हणे, "काकूंना बोलाव." त्या दिवशी मात्र तेवढ्यात खिडकीतले ऊन सरले आणि प्रसंग दुसऱ्या दिवसावर गेला.

पॅकअप झाल्यावर दिग्दर्शक व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन बसला. तो मुलगा मनाने चांगला होता. वाईट बातमी उभ्याउभ्या सांगावी असे त्याला वाटत नसे.

"काकू, तुमचा चेहरा मला आवडतो, म्हणून मी हट्टाने तुम्हाला घेतलं. पण एडिटर तुमचे शॉट काढून टाकतोय. समोरचा बोलत असला की तुम्हाला दाखवताच येत नाही. आणि तुमचं पात्र तर ऐकणारंच आहे."

"मी प्रयत्न करते आहे."

"माहीत आहे. पण महिनाअखेरीला लेखक पुढचे भाग ठरवायला बसतील. तोवर काही झालं नाही, तर ते थोरल्या जावेला यात्रेला पाठवतील."

"यात्रेला?"

"तशी पद्धत आहे. मुंबईतली मालिका असली की नको झालेलं पात्र नाशिक-त्र्यंबकला पाठवतात. आपण नाशकातच आहोत," तो जरा ओशाळून म्हणाला, "म्हणून काशी."

त्या संध्याकाळी मी रिक्षा अलीकडेच सोडली आणि उरलेली वाट चालत गेले. मला त्या कामाची किती ओढ लागली होती, ते तेव्हा लख्ख कळले. पडद्यावर स्वतःला पाहणे मला आजही आवडत नाही. पण सकाळी त्या बंगल्यात शिरताना, जमिनीवर पसरलेल्या दिव्यांच्या तारा ओलांडताना, कोणीतरी मान वर न करता "काकू, पाच मिनिटांत रेडी व्हा" म्हणे, तेव्हा माझी तिथे खरोखर गरज आहे असे वाटे. इतकी वर्षे जिथून मी दुसऱ्यांना उजेडात जाताना पाहिले होते, तिथून एक पाऊल पुढे आले होते. आता मला सभ्यपणे मागे पाठवले जाणार होते, आणि मी विरोध करणार नाही हेही मला ठाऊक होते. मला तेच वाईट वाटत होते.

त्यानंतरचा आठवडा मी उपायांत घालवला. पहिला उपाय म्हणून दाताखाली लवंग धरली. "काकू, काही खाताय का?" असा प्रश्न कॅमेऱ्यामागून आला. मग ओठ घट्ट मिटून बसू लागले. दिग्दर्शक म्हणाला, "आता थोरली जाऊ कोणाशी तरी भांडून आल्यासारखी वाटते." यजमानांनी सुचवले, की मनातल्या मनात पाढे म्हणावेत. मी म्हटले, आणि त्या नादात माझे स्वतःचे वाक्यच राहिले.

तोडगा निघाला तो मेकअपच्या खोलीत. आम्ही दोघी शेजारी बसलो होतो, आणि जाऊबाई आरशातून माझ्याकडे पाहत होत्या. मी त्यांची त्या दिवशीच्या प्रकाराबद्दल पुन्हा क्षमा मागितली. त्यांनी ती ऐकलीच नाही.

"तू माझ्याकडे बघत नाहीस. वाचतेस," त्या म्हणाल्या. 'तू' कधी झाले ते मला कळले नाही.

"म्हणजे?"

"माझ्या कपाळावर पान चिकटवलंय आणि मी कुठल्या ओळीवर आहे ते तू तपासतेस. कधी चुकते म्हणून टपून."

"टपून नाही हो. काळजीनं."

"तेच ते. मला काळजी करणारी नकोय. घरी तीन सुना आहेत त्याला. मला ऐकणारी पाहिजे." त्यांनी पावडरचा पफ ठेवला. "आमच्या आजोबांच्या कंपनीत कोणालाच अख्खं नाटक देत नसत. ज्याची त्याची भाषणं उतरवून हातात ठेवायचे. नक्कल म्हणायचे तिला. समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द आणि मग आपलं बोलणं. मधलं सगळं कोरं. आपण दुसऱ्या अंकातच मरतो, हे आजोबांना म्हणे तालमीच्या दिवशी कळलं होतं."

मी हसले. नक्कल हा शब्द मला ठाऊक होता. रंगभूमीच्या इतिहासावर शिकवताना मी तो मुलांना सांगितला होता. हाताने प्रती कराव्या लागत, कागद आणि वेळ वाचवायचा असे, म्हणून ती पद्धत होती, छपाई आली आणि ती संपली, एवढे सांगून मी पुढच्या मुद्द्याकडे वळत असे. त्या पद्धतीत नटाला समोरच्याचे बोलणे खरोखरच ऐकावे लागत असणार, हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता.

"तू तुझीच नक्कल पाठ कर," जाऊबाई म्हणाल्या. "माझं वाचू नको. तालमीत मी तुला शेपूट तेवढं देईन, बाकीचं पुटपुटेन. मग बघू तुझे ओठ कशावर हलतात ते."

दिग्दर्शकाने ऐकून घेतले आणि दोन्ही हात वर केले. "तुम्ही दोघी काय करायचं ते करा. मला ओठ दिसता कामा नयेत."

नक्कल उतरवण्याचे काम यजमानांकडे आले. रोजचे प्रसंग माझ्या फोनवर येत ते मी न उघडता त्यांना पाठवत असे. ते चष्मा लावून जेवणाच्या टेबलाशी बसत आणि धरणांच्या नकाशांवर ज्या अक्षरांत मापे लिहीत, त्याच सरळ, सुट्या अक्षरांत माझी वाक्ये लिहीत. समोरच्याचे शेवटचे शब्द, त्यांच्याखाली रेघ, मग माझे वाक्य. मी पलीकडे पोहे करत असे आणि पाठीमागून येणारा पेनाचा आवाज ऐकत असे.

"आज कोण येतंय स्वयंपाकघरात?" मी विचारी.

"ते सांगायचं नाही असं ठरलंय."

"निदान रडारड आहे का ते तरी सांगा."

"स्वेटर घेऊन जा. एवढंच सांगतो."

म्हणजे प्रसंग अंगणातला असे.

हे सोपे गेले नाही. जे लिहिलेले आहे ते न वाचता राहणे माझ्यासारखीला उपाशी राहण्यासारखे होते. पहिले काही दिवस माझी अवस्था विचित्र झाली. ओठ हलायचे थांबले होते, कारण हलवायला त्यांच्यापाशी शब्दच नव्हते. पण मी आता ते शेवटचे दोन शब्द येण्याची वाट पाहत बसे, बसस्टॉपवर बसल्यासारखी, आणि त्यांच्या आधीचे सगळे कानांवरून निघून जाई. एकदा ते शब्द आले तरी मला समजले नाही. जाऊबाई माझ्याकडे पाहत राहिल्या, मी त्यांच्याकडे पाहत राहिले.

"झोपलीस काय गं?" त्या म्हणाल्या.

"तुम्ही थांबलात असं वाटलं. तुमचं ते नेहमीचं."

"संपलं होतं बाई माझं. मी काय रोजच थांबते होय?"

या वेळी मीही इतरांबरोबर हसले.

महिना संपत आला होता. नाशिकची थंडी पडू लागली होती. सकाळी बंगल्याच्या अंगणात तंत्रज्ञ हातात चहाचे कप धरून उन्हाचा तुकडा शोधत उभे असत. त्या दिवशी यजमानांनी नक्कल लिहायला नेहमीपेक्षा वेळ घेतला. कागद लहानच होता. त्यावर समोरच्याचे शेवटचे शब्द होते, 'राहूनच गेलं', आणि खाली माझे वाक्य, 'चहा टाकते. आलं घालू का?' बस, एवढेच.  पोहे खाताना त्यांनी स्वेटरचाही उल्लेख केला नाही.

मी वाटेत अंदाज बांधला. दूध तापवायचे राहून गेले असेल, किंवा कोणाला फोन करायचा. स्वयंपाकघरातला साधा प्रसंग असावा. शेवटच्या दिवसांत आपल्याला एवढीच कामे देताहेत, असेही मनात आले.

आमच्याकडे क्रम असा, की आधी संपूर्ण प्रसंग लांबून घ्यायचा आणि मग एकेकाचा चेहरा जवळून. त्यातही ज्येष्ठ नटाचा आधी, कारण पहिल्या वेळचे रडणे खरे असते. त्या दिवशी जाऊबाईंनी दिग्दर्शकाला बाजूला बोलावले. त्या एवढेच म्हणाल्या, "हिचा क्लोज आधी घे. सगळ्याच्या आधी. माझं नंतर बघू." त्यांच्यासारख्या नटीने आपली पहिली वेळ दुसऱ्याला देणे म्हणजे काय, हे सेटवरच्या सर्वांना कळत होते. प्रकाश बदलायला वेळ लागणार होता, तरी कोणी कुरकुर केली नाही. तालमीत जाऊबाईंनी ठरल्याप्रमाणे पुटपुटून शेवटचे दोन शब्द तेवढे मोठ्याने म्हटले, आणि मला ओट्यापाशी उभे करण्यात आले.

जाऊबाई कॅमेऱ्याच्या कडेला उभ्या राहिल्या. घराच्या वाटणीचा प्रसंग होता, हे मला त्यांच्या पहिल्या वाक्याला कळले.

"झाल्या सगळ्या सह्या, ताई," त्या म्हणाल्या. आवाज अगदी खाली. "वरच्या खोल्या मधल्या भावजींना. अंगणाकडची बाजू आमच्याकडे. ज्याला त्याला विचारून झालं, कोणाला काय हवं ते. धुणंवालीलासुद्धा विचारलं, येशील ना म्हणून." त्यांनी माझ्याकडे पाहिले. "तुम्हाला तेवढं विचारायचं राहूनच गेलं."

मी ते ऐकले. याहून अधिक नेमके मला सांगता येत नाही. कोणीतरी माझ्याशी बोलत होते आणि पुढे काय आहे ते मला माहीत नव्हते. तळवे गार पडले, पण या वेळी त्याचा कॅमेऱ्याशी संबंध नव्हता. मला त्या बाईची, जिची साडी मी नेसले होते तिची, लाज वाटली आणि मग कीव, आणि मग असे वाटले की समोरच्या बाईला आता फार अवघडल्यासारखे होत असेल, तिला आधी यातून सोडवले पाहिजे. माझा हात गॅसवरच्या पातेल्याकडे गेला.

"चहा टाकते," मी म्हणाले. "आलं घालू का?"

जी कोणाच्या खिजगणतीत नव्हती, ती बाई या क्षणीही समोरच्याला काय हवे ते विचारत होती. लेखकाने ते वाक्य तिथे का ठेवले, हे मला वाक्य उच्चारल्यानंतर समजले. सकाळी मी सगळे पान वाचले असते, तर त्यातला विरोधाभास मी लगेच ओळखला असता. वर्गात समजावून सांगावा तसा तो मनातल्या मनात उलगडला असता. आणि तो ओळखल्याचे समाधान माझ्या चेहऱ्यावर दिसले असते. अडतीस जणांच्या वर्गात अशा ओळी समजावण्याची मला सवय होती. त्या बाईला मात्र ती ओळ समजलेली नसणार. ती फक्त विचारत होती.

दिग्दर्शक 'कट' म्हणायला बराच वेळ घेत होता. मी पातेल्यात पाणी ओतले, कारण काहीतरी करायला हवे होते. ते पुरेसे झाले असे वाटल्यावर थांबले. तेव्हा तो शब्द आला. 

"आलं घाल," जाऊबाई म्हणाल्या. "साखर कमी."

मग त्या आपल्या चेहऱ्याच्या शॉटसाठी समोर येऊन उभ्या राहिल्या, आणि रडल्या, आणि ते रडणेही पहिल्या वेळचेच वाटले.

संध्याकाळी घरी गेले तेव्हा यजमान दारातच होते. "कसं झालं?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "तुम्ही सकाळी सगळं वाचलं होतंत." ते म्हणाले, "हो. आणि लिहिताना वाटलं, तुला सांगावं. मग वाटलं, नको. नक्कल ती नक्कल." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, हौशी मंडळात असताना मला कधी भूमिका करावीशी वाटली होती का. इतक्या वर्षांत हा प्रश्न आमच्यात निघाला नव्हता. मी म्हटले, हो, दोनदा. कोणत्या, ते मी त्यांना जेवताना सविस्तर सांगितले.

त्यानंतरचे काही दिवस कोणीच काही बोलले नाही. लेखक मुंबईत बसले होते, आणि तिथे काय ठरते ते आमच्यापर्यंत सर्वांत शेवटी येत असे. मी दिग्दर्शकाला विचारले नाही. विचारण्याचे धैर्य नव्हते हे खरे. पण त्याहून खरे असे, की मी कामात होते. समोरच्याचे बोलणे ऐकण्याची आता मला गोडी लागली होती. मालिकेतल्या धाकट्या सुनेच्या आवाजात घाबरल्यावर एक बारीक कंप येतो, तो मी इतके दिवस ऐकलाच नव्हता. काशीला जावे लागले तरी एवढे आपल्याबरोबर येईल, असे मनाशी म्हणून पाहिले. त्याने समाधान झाले नाही. मला तिथेच राहायचे होते.

एका सकाळी मी साडी नेसत असताना कपडेपट सांभाळणारी बाई मेजरिंग टेप गळ्यात घालून खोलीत आली. ती सायखेड्याची, दिवसभर कोणाशी तरी कशावरून तरी तिचे भांडण चाललेले असे.

"मॅडम, हात वर करा. लय हलू नका."

"कशासाठी गं? मापं आहेत ना तुझ्याकडे."

"ती आखूड हातांची. आता थंडीचे सीन हायेत, मनगटापत्तूर हात पायजेत. चार ब्लाउज सांगितलेत तुमचे. लग्नाचा ट्रॅक हाय ना पुढं, त्याला काठाचा एक येगळा."

"चार?"

"चार. का, जास्त झाले? धाकट्या जाऊबाईंनी सहा मागितले, त्यांना मी नाय म्हटलं."

मी हात वर करून उभी राहिले. तिने दंड, मनगट, छाती मापली, आकडे पुटपुटत फोनमध्ये बोलून ठेवले, आणि माप सैल ठेवू की अंगाबरोबर, ते विचारले. आतून गरम कपडा घालता येईल इतके सैल ठेव, असे मी सांगितले. ते सांगताना माझा आवाज जरा कापला. तिला वाटले, मला थंडी वाजते आहे, आणि तिने खिडकी लावून घेतली.

कपडेपटाला कोणी कारणावाचून चार ब्लाउज शिवायला सांगत नाही. थोरल्या जाऊबाई लग्न पार पडेपर्यंत तरी घरात राहणार होत्या. लग्नाचे प्रसंग मालिकांत किती लांबतात, हे प्रेक्षकांना ठाऊक आहेच.

शॉट लागायला वेळ होता. मी व्हरांड्यात आले आणि घरी फोन केला. समोरच्या बागेत द्राक्षांच्या वेलींवर मजूर बायका वाकून काम करत होत्या आणि त्यांच्यातली एक काहीतरी सांगत होती. अंतरामुळे शब्द कळत नव्हते, इतरांचे हसणे मात्र ऐकू येत होते. यजमानांना मी ब्लाउजांचे सांगितले. त्यांनी पाया तपासला. "चार म्हणजे नक्की चार ना?" मी म्हटले, चार, लांब हाताचे.

"बरं झालं," ते म्हणाले. आणि मग, "उद्याचा सीन आला का?"

"आलाय. तुम्हाला पाठवते."

"तू बघितला नाहीस ना?"

"नाही," मी म्हणाले. "उघडलाच नाही अजून."